पुढे जाण्याची क्रियापदं

लग्न होऊन मी बुऱ्हाणपूरला, लोधीपुऱ्यातल्या घरी आले तेव्हा माझे यजमान मॅट्रिकला तीनदा नापास झालेले होते. लग्नाआधी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतरही सांगितलं नाही. मला ते भिंतीपलीकडून ऐकू आलं.

घर लांबुळकं होतं. रस्त्याला लागून ओटा, मग बैठकीची खोली, मग मधली अंधारी खोली, मग स्वयंपाकघर आणि मागे विहिरीचं अंगण. माझं राज्य मधल्या खोलीपासून विहिरीपर्यंत. बैठकीत मामंजी, म्हणजे माझे सासरे, बसत. ते कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले होते. त्या बैठकीत सुनेनं पाऊल टाकायचं नाही, ओट्यावर तर नाहीच नाही. लग्नाच्या दिवशी मी त्या दारातून आत आले आणि पुढे कित्येक वर्षं ते दार मला फक्त मधल्या खोलीच्या फटीतून दिसायचं, तेही उन्हाची एक पट्टी म्हणून.

रोज सकाळी पूजा आटोपली की मामंजी यजमानांना समोर बसवत आणि इंग्रजीची तालीम सुरू होई. मॅट्रिकच्या पेपरात दरवर्षी गाळलेल्या जागा येतात आणि त्यात पुढे जाण्याची क्रियापदं हमखास येतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. मराठीत आपण सगळ्याला ‘मागे टाकलं’ म्हणतो. घोड्यानं घोड्याला मागे टाकलं, धाकट्यानं थोरल्याला मागे टाकलं, सगळं एकच. इंग्रजीत त्याला पाच-सहा वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि ज्याला त्यातला फरक कळतो त्यालाच साहेब खुर्ची देतो, असं मामंजी म्हणत.

“खर्च मंजुरीच्या पुढे गेला. कोणतं क्रियापद?”

यजमान सतरंजीचे धागे उपटत बसले.

“अरे बोल! काल सांगितलं ना?”

“ओव्हरटेक.”

“खर्च काय टांगा आहे का ओव्हरटेक करायला? पुन्हा सांग.”

“सरपास.”

मी दाराआड ज्वारी निवडत होते. माझे वडील खंडव्याच्या वाटेवरच्या एका छोट्या स्टेशनात तारबाबू होते. आजूबाजूला दुसरं कुणी नसल्यामुळे त्यांनी मला सोबत म्हणून शेजारी बसवलं आणि तारा, नियमांची पुस्तकं, प्रवाशांनी टाकून दिलेली वर्तमानपत्रं यांतून इंग्रजी शिकवलं. त्यामुळे ते उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ते बाहेर कसं पडलं, मला कळलं नाही.

“एक्सीड,” मी म्हणाले.

 मग मामंजींचा आवाज आला, “कोण बोललं?”

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फुंकणी खाली ठेवली आणि सरळ सांगून टाकलं, “सून बोलू राहिली. दुसरं कोण आहे घरात?”

मला वाटलं, आता माहेरी पाठवतात.  पण दुसऱ्या दिवशी मामंजींनी आत्याबाईंमार्फत निरोप दिला. आम्ही एकाच घरात असूनही माझ्यासाठीचे निरोप असेच यायचे. दुपारी तिनं त्याला शिकवावं. मधल्या खोलीत. दार लोटून. बाहेर कुणाला कळता कामा नये.

अशी माझी शाळा सुरू झाली. खोलीला खिडकी नव्हती, वर एक झरोका होता. बुऱ्हाणपूरचा उन्हाळा काय असतो हे तिथल्या माणसालाच ठाऊक. आम्ही दोघं घामानं निथळत समोरासमोर बसायचो. लग्नानंतर दिवसाउजेडी आम्ही एकमेकांशी बोललो ते त्या खोलीतच, आणि तेही क्रियापदांविषयी.

ते बुद्धीनं मंद नव्हते. त्यांना फक्त ते सगळं नको होतं. दापोऱ्याला घरची थोडी जमीन होती, वाट्यानं दिलेली. तिथे जाऊन राहावं, कापूस लावावा, जमलं तर केळी लावावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. हे वडिलांना सांगायची त्यांची छाती नव्हती. पुस्तक उघडलं की त्यांच्या चेहऱ्यावर कोंडवाड्यात घातलेल्या बैलासारखा भाव येई.

मी त्यांना समजावून सांगू लागले. “हे बघा, आमच्या स्टेशनात मालगाडी आली आणि मागून मेल येत असली की मालगाडीला बाजूच्या रुळावर उभी करतात. मेल मागून येते, गाठते आणि पुढे जाते. ते ओव्हरटेक. त्यासाठी आधी मागे असावं लागतं.”

“आणि आउटरन?”

“कुणीतरी आपल्या मागे लागलंय आणि आपण इतके जोरात पळालो की त्याच्या हाती लागलोच नाही. चोर शिपायाला आउटरन करतो.”

त्यांनी थोडा विचार केला. “म्हणजे मला वडिलांना आउटरन करायचं आहे,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघं तोंडावर हात धरून हसलो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून हसूसुद्धा गिळावं लागायचं.

“सरपास?”

“ते गुणांचं. एकाचं अक्षर दुसऱ्याच्या अक्षरापेक्षा सरस असलं तर ते सरपास. पळायचं काही काम नाही.”

मला स्वतःला त्या सगळ्यांत एक्सेल आवडायचं. त्याला मागे टाकायला कुणी लागत नाही. माणूस एखाद्या कामात उत्तम असतो, बस. मी हे सांगितलं तेव्हा यजमान म्हणाले, “वडिलांना ते आवडत नाही. ते म्हणतात, त्यात पुढे कोण अन् मागे कोण, ते कळत नाही.”

मामंजींचा त्या क्रियापदांवर असा राग-लोभ का, ते मला आत्याबाईंकडून कळलं. एकदा भाकऱ्या थापताना त्या म्हणाल्या, “ते सुपरशीट झाले ना, तेव्हापासून असे झाले बाई.”

“सुपरशीट म्हणजे?”

“मला काय माहीत! इंग्रजी आहे. ज्याला यांनी कचेरीत मसुदा लिहायला शिकवलं, त्या पोराला साहेबानं वर चढवलं अन् हे खालीच राहिले. वरून त्याच्याच हाताखाली काम करावं लागलं. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. चार-चार दिवस जेवण जात नव्हतं.”

तो शब्द सुपरसीड होता. मामंजींनी तालमीत तो कधी विचारला नव्हता, आणि ते का, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसानंतर मी त्यांच्यावर पूर्वीसारखी चिडू शकले नाही. पण दार लोटलेलंच राहिलं.

परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा यजमानांनी पहिल्यांदाच वडिलांपुढे तोंड उघडलं. मी आतून ऐकत होते.

“मी एकटा बसणार नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“तिलाही बसवा. बाहेरून बसता येतं बायकांना. ती बसली तर मी बसतो. नाहीतर नाही बसत, काय करायचं ते करा.”

 मामंजींनी हिशेब मांडला असावा की परीक्षेला खंडव्याला मी बरोबर गेले तर केंद्राच्या दारापर्यंत मुलाची उजळणी होईल. “बसू दे,” ते म्हणाले. “नापास होईल, आणखी काय होईल?” मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई ओळखीच्या होत्या. त्यांनी माझ्या अर्जावर सही केली.

खंडव्याला आम्ही एका नात्यातल्या घरी उतरलो. मुली वेगळ्या खोलीत बसायच्या. आम्ही मोजक्याच होतो आणि खोलीच्या दाराला पडदा लावलेला होता. इंग्रजीचा पेपर हातात आला आणि त्यात खरोखरच ती क्रियापदं होती. मी लिहिताना मला उन्हाचा, पडद्याचा, कशाचाही पत्ता राहिला नाही. सासरी आल्यापासून माझ्या डोक्यावरचा पदर घसरला आणि मला कळलं नाही, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

परतीच्या गाडीत यजमानांनी विचारलं, “पहिल्या जागी काय लिहिलंस?”

“सरपास.”

“मी आउटरन लिहिलं,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर कापसाची रानं बघत बसले. 

निकाल नागपूरच्या वर्तमानपत्रात यायचा. ते पत्र दुपारच्या गाडीनं स्टेशनात येई आणि टांग्यातून गावात. त्या दिवशी मामंजी ओट्यावर ते उघडून बसले होते. समोरच्या घरचे, शेजारचे असे चार-पाच जण जमले होते. मी मधल्या खोलीच्या फटीला डोळा लावून उभी होते. मला त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ कागदावर वाकली, खूप वेळ तशीच राहिली, मग सरळ झाली.

“क्यों पंडितजी, लड़का पास?” समोरच्यानं विचारलं.

“हो,” मामंजी म्हणाले. “झाला.”

ओट्यावर एकच गलका झाला. कुणीतरी पाठीवर थाप मारली. मामंजींनी एकाला बाजारात पिटाळून माव्याची जिलेबी मागवली. मला रडू आलं. मला वाटलं, सुटले हे बिचारे.

थोड्या वेळानं यजमान आत आले. त्यांच्या हातात तेच वर्तमानपत्र होतं आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

“तुझा नंबर आहे,” ते म्हणाले. “माझा नाही.”

आत्याबाई जिलेबीची परात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मुलाकडे पाहिलं. “मग ही जिलेबी कशाची?” त्या म्हणाल्या. 

संध्याकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले. असे ते कधी येत नसत. माझ्याकडे न बघता म्हणाले, “घर एकच आहे. पास घरात आला. कुणाच्या नावानं आला, ते गावाला सांगत फिरायची गरज नाही.” आणि गेले.

त्यानंतरचे दिवस मला आठवले की आजही जीव गुदमरतो. सकाळ-संध्याकाळ माणसं यायची, यजमानांचं अभिनंदन करायची. ते खाली मान घालून हात जोडायचे. लोक म्हणायचे, मुलगा किती नम्र आहे. बायका आत येऊन मला म्हणायच्या, “नशीब काढलंस बाई, मॅट्रिक नवरा मिळाला.” मी हळदीकुंकू लावायची आणि हसायची. मोठ्या बाईंनी शाळेच्या शिपायाबरोबर दोनदा मला बोलावणं धाडलं. दोन्ही वेळा मामंजींनी ओट्यावरूनच सांगितलं की सून माहेरी गेली आहे. मी आत पाणी भरत होते. मला माझ्याच घरात नसल्यासारखं राहावं लागलं. शिपाई जाईपर्यंत विहिरीचा रहाटसुद्धा ओढायचा नाही.

यजमान रात्री पडल्या पडल्या म्हणायचे, “नापास झालो असतो तर बरं होतं.”

“तुम्ही नापासच झालात,” मी एकदा म्हणाले.

“तेच तर. तेही धड होऊ देत नाहीत.”

मग मामंजींनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. ज्या माणसाला त्यांच्या डोक्यावरून वर चढवलं होतं, तो आता कचेरीत मोठ्या जागेवर होता. मामंजी इतक्या वर्षांत त्याच्या घरी गेले नव्हते. आता ते डोक्याला पगडी बांधून गेले आणि मुलगा मॅट्रिक झाला, त्याला चिकटवून घ्या, असं सांगून आले. परत आले तेव्हा ते पाच-दहा वर्षांनी तरुण दिसत होते. “येणार आहे तो,” ते आत्याबाईंना म्हणाले. “आपल्या घरी. स्वतः.”

आणि तो आला. मी फटीतून पाहिलं. माझ्या मनात त्या माणसाची काय काय रूपं होती! प्रत्यक्षात तो एक ठेंगणा, थकलेला गृहस्थ होता. जाड चष्मा, हातात छत्री. त्यानं आल्या आल्या वाकून मामंजींच्या पायाला हात लावला. मामंजींना ते अपेक्षित नव्हतं. ते पाय मागे घेतच राहिले.

तो हिंदी बोलायचा. म्हणाला, “मसौदा लिखना आपने सिखाया, साहब। आज तक आप ही का ढंग चलता है।” मामंजींनी चहा सांगितला. मग त्यानं यजमानांना जवळ बसवलं आणि कौतुकानं विचारलं, “अंग्रेज़ी में पास हुए! पहले तो वही अटकता था न? किसने पढ़ाया?”

मी मधल्या खोलीत चहाचे पेले भरत होते. मी फटीपाशी गेले.

“हिनं,” यजमान म्हणाले. त्यांनी हात मधल्या खोलीच्या दाराकडे केला होता. “माझ्या बायकोनं शिकवलं. आणि मी पास नाही झालो. ती झाली. पेपरात नंबर तिचा आहे.”

मामंजी उठले.  मग पुन्हा खाली बसले. 

पाहुण्यानं चष्मा काढून पुसला. मग तो दाराकडे तोंड करून, पण नजर खाली ठेवून म्हणाला, “बहुत अच्छा किया, बेटी।” मामंजींकडे वळून त्यानं फक्त हात जोडले. “आपकी बहू है। आप ही के घर की बात है। मेरे मुँह से कहीं नहीं जाएगी।” चहा न घेताच तो गेला. छत्री विसरून गेला होता. यजमान ती द्यायला मागे धावले आणि परत आलेच नाहीत. ते तसेच दापोऱ्याला पायी निघून गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की शेत वाट्यानं दिलेल्या माणसाकडून परत घेतोय, काळजी करू नका. ते सुटले. पुढे त्यांनी तिथे खोली बांधली, कापूस केला, नंतर केळीही लावली, आणि मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी ते घरी यायचे, अंगाला मातीचा वास यायचा, दुसऱ्या दिवशी परत जायचे.

“मला न्या,” मी म्हणायची.

“आई-वडिलांना कोण बघेल?” ते म्हणायचे. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना खरंच दुसरं उत्तर सुचत नव्हतं.

मी राहिले. मामंजी आता कुणाशीच बोलत नव्हते. सकाळची तालीम बंद झाली, ओट्यावरची बैठक बंद झाली. गावात कुजबुज झालीच, कारण नोकरीला लागणारा मॅट्रिक मुलगा कुठे दिसेना. मोठ्या बाई स्वतः आल्या, माझं प्रमाणपत्र आत्याबाईंच्या हाती ठेवलं आणि म्हणाल्या, “वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला माणूस नाही. हिला पाठवा.” बैठकीतून मामंजींचा आवाज आला, “या घरची सून नोकरी करणार नाही.” बाई चहा घेऊन गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. प्रमाणपत्र ट्रंकेत साड्यांखाली राहिलं. मला मुलगी झाली, ती पाळण्यातून उतरून अंगणात धावू लागली. लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासं झालं, दिवे लवकर मालवू लागले. मधल्या खोलीतला काळोख तेवढा लवकर सुरू व्हायचा.

शेवटी दार उघडलं ते आत्याबाईंनी. मोठ्या बाई तिसऱ्यांदा येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या हातातली परात काढून घेत म्हणाल्या, “जाय.”

“कुठे?”

“शाळेत. कुठे म्हणजे? पोरीला मी पाहते, चूल मी पाहते.”

“मामंजी?”

“त्यांना मी पाहते,” आत्याबाई म्हणाल्या. “माझ्या पोरीला कोणी शिकवलं असतं तर मीसुद्धा पाठवली असती. मला पोरगी नाही झाली. तू जाय.”

मी धुवट लुगडं नेसले. मधली खोली ओलांडून बैठकीत पाऊल टाकलं. मामंजी कोपऱ्यात बसले होते. त्यांचे केस पार पांढरे झाले होते. त्यांनी मान वर केली, माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं. मी थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, मागे फीर.

“ऊन फार आहे,” ते म्हणाले. “छत्री ने.”

शाळेचा शिपाई मला न्यायला आला होता, म्हणून जाताना काही कळलं नाही. मी त्याच्या टाचांकडे बघत चालत गेले. दिवसभर शिकवलं. मुली मोठ्यानं एकसुरात वाचायच्या, त्यानं कान भरून गेले. शाळा सुटली तेव्हा शिपाई दुसऱ्या कामाला गेला होता. मी म्हटलं, जाईन एकटी, घर जवळच तर आहे.

दोन वळणं घेतली आणि मी गोंधळले. एक मशीद लागली, हातमागवाल्यांची गल्ली लागली, मागांचा खटखट आवाज येत होता, मग एक पडकी कमान. सगळे ओटे सारखे, सगळी दारं सारखी. इतकी वर्षं मी तिथे राहिले होते आणि आमचं घर रस्त्यावरून कसं दिसतं ते मला ठाऊक नव्हतं. मी लग्नात तोंडावर पदर घेऊन आले होते, नदीवर किंवा माहेरी गेले ती मागच्या दारानं, बायकांच्या घोळक्यात, मान खाली घालून, आणि परीक्षेला गेले ती त्याच दारानं, पडदा लावलेल्या टांग्यातून. छत्रीची मूठ घामानं निसटत होती. मी तीच गल्ली पुन्हा चालले. रडू येईल असं वाटलं, आणि भर रस्त्यात रडावं कसं, तेही कळेना.

कोपऱ्यावर एक म्हातारा पेरू विकत बसला होता. मी धीर करून विचारलं, “बाबा, लोधीपुरा कुठे आहे?”

त्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं. “यही तो है लोधीपुरा, बहनजी,” तो म्हणाला. “आपको किसके घर जाना है?”

मी मामंजींचं नाव सांगितलं. त्यानं बोट दाखवलं. घर समोरच होतं.